दाराला टांगलेला निंब

हसायचं असेल तर पोटभर हसा बायांनो, माझ्यात आता चिडायचंही त्राण राहिलेलं नाही.

नेवाशाजवळच्या आमच्या वस्तीवर घराघरापुढं कडुनिंब आहे. आमच्या निंबाला माझ्या शंभूची झोळी असते. पोर अजून रांगतंय. यंदा पाऊस उघडला आणि निंबाचे शेंडे भाजल्यासारखे तपकिरी पडले. कृषी सहायक ताई बघून गेल्या, म्हणाल्या, "बुरशी आहे. वाळलेले शेंडे हातभर खालून तोडा, वाळवा आणि जाळून टाका. तोवर एक डहाळी इकडंतिकडं जाऊ देऊ नका, नाहीतर सगळ्या वस्तीचे निंब जातील."

झालं! सगळ्या वस्तीचे निंब माझ्याच मानेवर येऊन बसले.

सकाळपासून कोयता चालवला. शेळ्या ओढतील म्हणून डहाळ्यांच्या जुड्या बांधल्या. काही दाराच्या चौकटीला टांगल्या, उरलेल्या कुंपणावर. बुरशी अंगावर पडेल म्हणून शंभूला घरात कोंडलं. तो आतून टाहो फोडतोय, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्यावर ओरडतेय, "लांब व्हा! रोग हाय!"

आता तुम्हीच सांगा, दाराला निंब, आत रडणारं पोर, बाहेर वेड्यासारखी आई. गावाकडं याचा अर्थ काय घेतात? कांजण्या! मला माहीत नव्हतं असं नाही हो. पण डोक्यात नुसती बुरशी!

दुपारी शेजारच्या सिंधूकाकू लांबूनच म्हणाल्या, "दहीभात ठेवलाय गं कुंपनापाशी. मी काय आत येत न्हाई."

किती माया! मला वाटलं, माझे हाल बघवेनात त्यांना. देवीचा नैवेद्य होता तो. मी बोटं चाटून खाल्ला.

संध्याकाळी जुड्या गोळा करायला गेले, तर कुंपण मोकळं! मान वर करून बघते, तर प्रत्येक दाराला डहाळी. माझ्याच निंबाची! कांजण्या घरात शिरू नयेत म्हणून. आपापल्या निंबावर चढणार कोण? इथं आयता तोडलेला पाला होता ना!

शंभूला कडेवर घेतलं आणि पळाले.

"काकू, डहाळी द्या परत! रोग झाडाला हाय, पोराला न्हाई!"

"समद्या आया असंच म्हनत्यात. आदी अंग दाखव त्याचं."

मग काय, दारोदार झबलं वर करायचं, पोट दाखवायचं, पाठ दाखवायची, तेव्हा कुठं डहाळी हातात पडायची. पोर रडून दमलं, मी चालून.

शेवटचं घर म्हाताऱ्या हिराआत्यांचं. त्यांनी चष्मा लावला, शंभूला उलटंपालटं करून बघितलं.

"पोर लख्ख हाय गं."

मी डहाळीला हात घातला. त्यांची नजर माझ्या गळ्यावर.

"आन् तुला हे काय उठलंय?"

"घामोळं हाय आत्या! दिवसभर उन्हात…"

दार धाडकन लागलं. आतून आत्यांचा आवाज आला, "अगं सूनबाई, ती दुसरी डहाळी पन आन! खिडकीला बांधू!"