चमचाभर तुपाची पंगत

नांदूरघाटात तुळजाबाईच्या तुपाला तोड नव्हती. लोणी कढत आलं की ती त्यात विड्याचं पान टाकायची आणि कणीदार तुपाचा वास गल्लीभर जायचा. बाळंतीण असो, हाड मोडलेला असो, की परीक्षेला बसलेलं पोरगं, तिचं औषध एकच. "तुपानं मानूस मरत न्हाई, तुपावाचून मरतंय," असं ती ठणकावून सांगायची. तिच्याशी वाद घालायची गावात कुणाची टाप नव्हती.

यंदाच्या धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक मासात, जावई अंगद जेवायला आला. धोंडे म्हणजे पुरण भरलेले उंडे. ते जावयाच्या ताटात वाढायचे आणि वरून तुपाची धार सोडायची, ती तो स्वतः 'बस' म्हणेपर्यंत. सासूचा हात आधी थांबला तर त्याची चर्चा पुढच्या अधिकापर्यंत पुरते.

सकाळी चुलीपाशी लेक सत्यशीला हळूच म्हणाली, "माय, ह्यांच्या काळजाची नळी तुंबली व्हती, तिच्यात स्प्रिंग बसवलीय. डॉक्टर म्हनले, तूप चमचाभर, जास्ती न्हाई. पर चार मान्सांत हे न्हाई म्हनायचे न्हाईत. सासूबाईला तर ठावंच न्हाई. घोर लावून घेतील म्हनून मला शपथ घातलीय."

तुळजाबाईच्या हातातलं पुरण हातातच राहिलं. अंगद ऊस तोडायचा, तेव्हा त्याच्या अंगात वाटीभर तूप सहज जिरायचं. आता तो परळीला वीजकेंद्राच्या राखेचा हायवा ट्रक चालवायचा. दिवस सारा सीटवर, आणि तूप मात्र तेवढंच. दर सणाला डबा भरून धाडणारी तीच होती. तिला स्वतःचाच लई राग आला.

दुपारी भावकीची पंगत बसली. अंगदची आई चंद्रभागाबाईही लेकासोबत आल्या होत्या. तुळजाबाईनं जावयाच्या धोंड्यांवर चमचाभर तूप घातलं आणि भांडं मागं घेतलं. जेवणारे एकमेकांकडं बघायला लागले.

"इहीनबाई, जावयाला चमच्यानं तूप?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. "म्हशी आटल्या का मन आटलं?"

खरं सांगितलं असतं तर ती तिथंच सुटली असती. पण लेकीची शपथ मोडायची नव्हती आणि जावयाचं दुखणं पंगतीत उघडं करायचं नव्हतं. जन्मभर कमावलेलं नाव बाईनं उभ्या उभ्या सोडून दिलं.

"मनच आटलं समजा," ती म्हणाली आणि पुढच्या ताटाकडं वळली. अभिमान धरावा तो अशा ताठ मानेचा. बाकी तूप काय, सगळेच कढवतात.

अंगदनं मात्र हातातला घास ताटात ठेवला. सासूचा असा पाणउतारा त्याच्यानं बघवला नाही. "आई, मामीला बोलू नको," तो म्हणाला. "माझ्या काळजात स्प्रिंग हाय. मला जास्ती तूप चालत न्हाई. मी तुला सांगितलं न्हाई, आन् त्या माझ्यापायी बोल खाऊन घ्यायल्यात."

चंद्रभागाबाई ताटावरून उठल्या. त्यांनी लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला, मग तुळजाबाईपाशी गेल्या आणि तिचा तुपानं माखलेला हात आपल्या हातात घट्ट धरला.

"माझ्या लेकाचा जीव राखला ह्या हातानं," त्या म्हणाल्या. "ह्याला चिक्कू म्हननाराची जीभ झडो. पयली माझी."