मावशींच्या दाराची किल्ली

मावशींच्या दारावरची डबी गायब होती, आणि चोर कोण हे मी ठरवूनही टाकलं होतं.

रविवारी सकाळची गोष्ट.

डबी म्हणजे मेझुझा. ज्यू घरांच्या चौकटीला तिरकी लावतात. बोटभर लांब, आत प्रार्थना लिहिलेली.

मावशी ज्यू होत्या. अलिबागकडच्या, बेने इस्रायल. मराठी तुमच्या-माझ्यापेक्षा स्वच्छ.

२०१४ मध्ये आम्ही आयर्लंडला, डब्लिनच्या कडेच्या ल्यूकनला आलो, तेव्हा हे माहीत नव्हतं. समोर मराठी बाई राहतात कळल्यावर मी आनंदाने गेले आणि पाचव्या मिनिटाला आपण सगळेच विचारतो ते विचारलं. त्यांनी आडनाव सांगितलं. शेवटी ‘कर’.

“म्हणजे तुम्ही कोण?”

“नर्स,” त्या म्हणाल्या. “आता रिटायर्ड.”

मी पुण्यात अठरा वर्षं पेपरच्या डेस्कवर काढलेली. सरळ उत्तर मिळालं नाही की मला बातमीचा वास येतो.

वास येण्यासारखं बरंच होतं. इथल्या मराठी मंडळाचे सगळे कार्यक्रम शनिवारी, आणि मावशी एकालाही येत नसत. शुक्रवारी दुपारनंतर दार बंद. गुळाचे पोहे सगळ्यांना पाठवायच्या, पण आमच्याकडचं चिकन कधी खाल्लं नाही.

कोणी म्हणालं, मिशनरी असतील. कोणी म्हणालं, घरात काहीतरी लफडं असेल. मीही दोन-तीन अंदाज पुरवले. डेस्कची सवय.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी डबा परत द्यायला गेले, तर दार नुसतं लोटलेलं. टेबलावर दोन दिवे. आणि चौकटीच्या आतल्या बाजूला ती डबी.

त्यांनी मला बसवलं आणि सांगितलं.

आधीचं घर डब्लिनच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथे डबी बाहेर लावलेली. दोनदा कोणीतरी उपटली. तिसऱ्या वेळी दारावर पेंटने एक वाक्य लिहिलं. कुठलं, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. गार्डा, म्हणजे इथले पोलीस, आले, चहा प्यायले, लिहून घेऊन गेले.

“अलिबागला हीच डबी बाहेर होती. दसऱ्याला शेजारीण तोरण बांधायची, तेव्हा हिच्यावरही झेंडू खोचायची,” मावशी म्हणाल्या. “इथे आत लावली. देवाला आतूनही दिसतं. तुझ्यापुरतं ठेव हो.”

मी आठ महिने ठेवलं.

मग आला मंडळाचा दिवाळी न्यूजलेटर. प्रवासवर्णन देणाऱ्याने ऐन वेळी हात वर केले. एक पान रिकामं, डेडलाइन उद्याची.

मी मावशींवर लिहिलं. प्रेमानेच लिहिलं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ‘शनवार तेली’ म्हटल्या गेलेल्या त्यांच्या पूर्वजांपासून ते आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक मराठी बाळाची पहिली आंघोळ त्यांच्या पायांवर कशी झाली इथपर्यंत.

आडनाव लिहिलं. दाराचा रंगसुद्धा लिहिला.

त्यांना विचारलं नाही.

ग्रुपवर बदाम आणि अंगठे आले. “तरीच शनिवारी येत नाहीत!”

आणि निखिलची कॉमेंट. “या लोकांपासून जरा जपूनच. जगात सगळीकडे पडद्यामागे हेच असतात.”

निखिल आमच्यापासून दोन घरं सोडून राहतो. चिप प्लांटमध्ये इंजिनिअर. त्याची मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती आणि मावशी रोज तिला मालिश करायला जात होत्या.

संध्याकाळी मावशी प्रिंटआउट घेऊन आल्या. आवाज चढवला नाही.

“माझं दार छापलंस.”

“मावशी, डेडलाइन होती,” मी म्हणाले.

त्यांनी प्रिंटआउटची घडी घातली. मग गेल्या.

मी लेख काढून टाकला. पण फाइल तोवर सगळ्यांच्या फोनमध्ये पोचली होती.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मावशी तेलाची बाटली घेऊन निघाल्या. निखिलकडेच. मी रस्त्यात गाठून विचारलं, अजूनही जाता?

“पोरीला काय माहीत, बाप काय टाइप करतो ते.”

आठवड्याने त्यांनी मला स्टूल धरायला बोलावलं आणि डबी बाहेर लावली. “छापलंच आहेस. आता लपून काय करू?”

तेव्हापासून तीन वर्षं मी बसला जाताना आधी ते दार बघायचे, मग रस्ता. हुड घातलेली पोरं. डिलिव्हरीवाला. गवत कापायला येणारा माणूस. सगळ्यांवर संशय.

निखिलवर सगळ्यात जास्त.

दोन आठवड्यांपूर्वी मावशींची तब्येत बिघडली आणि मुलगा त्यांना गॉलवेला आपल्या घरी घेऊन गेला. आणि रविवारी चौकटीवर स्क्रूची नुसती दोन भोकं.

मी सरळ निखिलची बेल दाबली. काय बोलायचं ते तयार होतं.

दार त्याच्या मुलीने उघडलं. माझ्याकडे बघून इथल्या आयरिश पोरांसारखं म्हणाली, “मावशी’ज गॉन, सो शी इज.” मावशी गेल्या, गेल्याच.

मागे निखिल उभा. डोळे लाल. हातात तिचं बाळपणीचं दुपटं, आणि दुपट्यात डबी.

पहाटे मावशी गेल्या होत्या. मुलाने निखिललाच फोन केला. दफन लवकर करतात त्यांच्यात. घरातून प्रार्थनेचं पुस्तक आणि दारावरची डबी आणायला सांगितलं होतं. डबी आता नातीच्या दारावर लागणार. मावशींनीच तसं सांगून ठेवलं होतं.

“तुझ्याकडे घराची किल्ली कशी?” मी विचारलं. ते तरी का विचारावं मी.

“त्या कॉमेंटनंतर माफी मागायला गेलो होतो,” तो म्हणाला. “चहा दिला त्यांनी. आणि किल्ली. म्हणाल्या, पडद्यामागून मी तुझ्यावर लक्ष ठेवणारच आहे, तर तूही माझ्या घरावर ठेव.”

माफी मागायला.

त्या लेखानंतर मी तीन वर्षं समोर राहिले. किती वेळा चहा प्यायले त्यांच्याकडे. माझं वाक्य मात्र अजून “डेडलाइन होती” तिथेच.

किल्ली त्याच्याकडे होती. बरोबरच होतं ते.

हे निखिलला विचारून लिहिलंय. मावशींच्या मुलाला फोनवर वाचून दाखवलंय. आडनाव नाही, दाराचा रंग नाही. घाईही नव्हती.

तुम्हाला विचारायचं तेवढं राहिलं.

माफ करा, मावशी.

सावकाश जा.