अडसरचा मामा

सदर इसमाचे वय एकसष्ट, बांधा किरकोळ, उंची दुकानाच्या काउंटरला शोभेल इतपत. व्यवसाय : चष्मे तयार करणे व दुरुस्त करणे. निवासस्थान : दुकानाच्या वरचा मजला. सामाजिक कार्य : फुटबॉल क्लबच्या समर्थक संघटनेचे आजीव सदस्यत्व, तसेच संघटनेच्या सोमवारच्या बैठकीस स्वतःच्या दुकानातील बाकडी विनामूल्य उपलब्ध करून देणे. पूर्वीचे गुन्हे : पंचाच्या सोयीसाठी भर सामन्यात मैदानात चष्मा फेकणे, एक वेळ. मूल नाही. बहिणीचा मुलगा आहे.

हा मुलगा शाळेत जायच्या वयाचा होत होता तेव्हा त्याची आई गेली. बाप कामाला म्हणून बाहेरगावी गेला तो गेलाच. मामा-मामींनी त्याला वाढवलं. तो दुकानातल्या उंच स्टुलावर बसून जेवला, काउंटरखाली बसून अभ्यास केल्याचं दाखवत राहिला, आणि मिसरूड फुटते न फुटते तोच क्लबच्या बचावफळीत जाऊन उभा राहिला. समोरच्याने कितीही धडका मारल्या तरी दार उघडत नाही, म्हणून लोक त्याला अडसर म्हणू लागले. आणि चष्मेवाले अख्ख्या गल्लीचे मामा झाले.

आता मामांच्याच दुकानात बसून त्यांच्या भाच्याला शिव्या कशा द्यायच्या, हा संघटनेपुढचा नाजूक प्रश्न होता. त्यावर तोडगा आपसूक निघाला. विषय अडसरकडे वळला की टॅक्सीवाला म्हणायचा, "मामा, काचा घासायच्या राहिल्यात वाटतं." मामा उठून काचा घासायचं मशीन सुरू करायचे, पाठ फिरवायचे, आणि त्या घरघरीत मंडळी पोटभर बोलून घ्यायची. मशीन चालू म्हणजे मामा घरात नाहीत, असा ठराव. क्लब सलग हरला त्या मोसमात गल्लीतल्या लोकांच्या चष्म्याच्या काचा जरा लहानच झाल्या होत्या म्हणतात.

जन्मभर त्या मशीनशेजारी बसलेल्या माणसाला त्याच्या आवाजापलीकडचं सगळं ऐकू येतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मामांनीही आणून दिलं नाही.

यंदा अडसर तेहतिशीचा झाला होता आणि मोसमाअखेर त्याचा करार संपत होता. उंचावरून येणारे चेंडू त्याला चकवू लागले होते. बेकरीवाला म्हणे वय झालं. टॅक्सीवाला म्हणे शेजारचा बचावपटू कुचकामी, याने एकट्याने काय काय करावं. संघटनेचे सचिव मास्तर भूगोलाचे. ते वाऱ्याच्या दिशेबद्दल बोलत.

मामांना कारण ठाऊक होतं. एका रविवारी त्यांनी भाच्याला खुर्चीत बसवून उजवा डोळा झाकला आणि समोरचा तक्ता वाचायला सांगितलं. पठ्ठ्याने शेवटच्या बारीक ओळीपर्यंत धडाधड म्हणून दाखवला. म्हणणारच, त्या तक्त्याखालीच तो लहानाचा मोठा झाला होता. मामांनी तो काढून निरक्षरांसाठीचा तक्ता लावला. त्यात अक्षरं नसतात, कंगव्यासारखी एक खूण असते आणि तिचे दात कुठे वळलेत ते बोटाने दाखवायचं असतं. भाचा हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्याचा पडदा कडेने फाटलाय, उजवाही नाजूक आहे. इलाज करू, पण डोक्याने चेंडू मारणं आजपासून बंद. एका धक्क्याचा प्रश्न आहे.

"एकच वर्ष, मामा," परतताना भाचा म्हणाला. "मग सोडतोच. कुणाजवळ बोललास तर तुला माझी शपथ. मामीजवळसुद्धा नाही."

मामांनी शपथ पाळली.

मग क्लबच्या व्यवस्थापनाने संघटनेला विचारलं की अडसरला वर्षभराची मुदतवाढ द्यावी की कसं. व्यवस्थापनाला समर्थकांच्या मताची एवढी कदर नव्हती. निर्णय अंगलट आला तर खापर फोडायला एखादं डोकं हवं होतं. मास्तरांनी मात्र सोमवारी इस्त्रीचा शर्ट घातला.

"मामा, काचा…" टॅक्सीवाला म्हणाला. मशीन सुरू झालं.

"शनिवारी चेंडू वरून आला," बेकरीवाल्याने सुरुवात केली, "आणि हा त्याच्याखाली उभा राहून विचार करतोय. अरे, माझा पाव याहून लवकर फुगतो!"

"तुझा कालचा पाव आम्ही गुपचूप खातो ना? मग माणूस कालचा झाला की लगेच फेकायचा?" टॅक्सीवाला म्हणाला.

"मी कुठे फेक म्हणतोय? पळता येत नाही त्याला, एवढंच."

"तुला येतं?"

"मला क्लब पगार देत नाही, बाबा."

"मुद्द्यावर या," मास्तर म्हणाले. "मुदतवाढ, होय की नाही?"

टॅक्सीवाल्याचा आवाज एकदम उतरला. "टाके पडलेले असताना पट्टी बांधून परत आला होता तो, आठवतंय? एक वर्ष मागतोय. आपल्या दारातून निरोप घेऊ दे ना त्याला."

बेकरीवाल्याने नाक ओढलं. "बरं, द्या एक वर्ष. पण एका अटीवर. पळायला नको, कॉर्नरला पुढे धाडा. पाय गेले असतील, पण डोकं अजून शाबूत आहे त्याचं. हाणू दे डोक्याने."

सगळे हसले, माना हलल्या. मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं.

मशीन बंद झालं.

"नका देऊ," मामा म्हणाले.

"काय?"

"मुदतवाढ. झालं त्याचं आता. पळवत नाही त्याला."

मास्तर टोपण हातात धरून बघत राहिले. "मामा, तुम्हाला ऐकू येत होतं?"

"येतं."

"आजच?"

"पहिल्यापासून."

टॅक्सीवाल्याने मान खाली घातली. बेकरीवाला उठून उभा राहिला, आणि कुठे जायचं ते न सुचल्यामुळे परत बसला. सख्खा मामाच नको म्हणतो म्हटल्यावर आणखी कुणाला काय विचारायचं? ठराव एकमताने झाला. व्यवस्थापनाने तो फार जड अंतःकरणाने, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, मान्य केला.

मामांचा विचार साधा होता. क्लबने सोडलं की पोराचा खेळ सुटेल, खेळ सुटला की डोळे वाचतील. आठवडाभर रागावेल, मग दुकानात येऊन बसेल. त्यांनी माळ्यावरची दुसरी खुर्चीसुद्धा काढून पुसून ठेवली. हिशोबात एकच गोष्ट राहून गेली. मामांच्या लेखी क्लब एकच होता. जगात बाकीचे संघ होते ते आपल्याविरुद्ध खेळण्यापुरते.

अडसर संध्याकाळी आला. बसला नाही.

"पळवत नाही म्हणालास?"

"हो."

"तू म्हणालास."

"डोळ्याचं नाही बोललो."

"उपकार झाले," भाचा म्हणाला, आणि वर जाऊन मामीकडून मोठी बॅग घेऊन आला. एका लांबच्या बंदराच्या गावातल्या क्लबने त्याला दोन वर्षांसाठी घेतलं होतं. त्यांच्या तपासणीतही एक तक्ता असतो आणि तोही त्याला पाठ होता.

आता त्याचा फोन येतो तो मामीला. मामा शेजारच्या खोलीत पेपर उघडून बसतात आणि तिने फोन ठेवायची वाट पाहतात.

"काय म्हणतो?"

"बरा आहे. खोलीतून समुद्र दिसतो म्हणाला."

"दिसतो म्हणाला?"

"अहो, समोरच आहे तर दिसणारच ना." मामी आज खुशीत होती. "आणि ऐका, पहिल्याच सामन्यात गोल केला त्याने. उंच उडी मारून, डोक्याने! तिथल्या लोकांनी खांद्यावर घेतलं म्हणे. आणि तुम्ही त्याला म्हातारा ठरवून बसला होतात."

मामीला डोळ्यांचं अजून कुणी सांगितलेलं नाही.