दाराकडे, खिडकीकडे

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे आमच्या गल्लीत सगळ्यांची अशी समजूत होती की मला कुठलाही कागद वाचता येतो. वाचता यायचा, हे खरं. कळायचा नाही. ‘अर्जदाराने सक्षम प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र विहित नमुन्यात सादर करावे’ हे मी एका दमात वाचून दाखवत असे, पण म्हणजे नक्की काय करायचं, हे कोणी विचारलं असतं तर मी रडकुंडीला आले असते. सुदैवानं ज्या काकीसाठी मी हे वाचायची, तिला एकही अक्षर येत नव्हतं आणि अर्थ मात्र सगळा ठाऊक होता.

“सक्षम म्हंजे तहसीलदार,” काकी सांगायची. “सादर म्हंजे नेऊन दे. समोर वाच.”

काकी आमच्या समोरच्या घरात राहायची. नात्याची नव्हती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मोहाडी तालुक्यातल्या आमच्या त्या गल्लीत तेव्हा बऱ्याच घरांतून हातमाग चालायचे आणि काकी त्या मागांसाठी कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, सुताच्या कांड्या भरून द्यायची. ओट्यावर चरखा घेऊन बसायची, डाव्या हाताच्या चिमटीतून धागा सुटत राहायचा आणि तोंडानं तिचं बोलणं चालू. मी भंडाऱ्याच्या शाळेतून बसनं परत यायची तेव्हा चार वाजलेले असायचे. गळ्यातला टाय काढायच्या आधी हाक यायची, “आली का वो इंग्रजी? ये, कागद आला आहे.”

आता लक्षात येतं, निराधार योजनेचा स्वतःचा कागद मार्गी लावता लावता काकी सगळ्या गल्लीचं चौकशी कार्यालय होऊन बसली होती. कोणाला रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचं असो, कोणाला उत्पन्नाचा दाखला पाहिजे असो, माणसं आधी तिच्या ओट्यावर यायची. ती सांगायची आणि मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून घ्यायची. ती वही माझ्या आईनं अजून जपून ठेवली आहे. ‘तलाठी – मंगळवारी. खोलीला कुलूप असेल तर चहाच्या टपरीवर पाहावे.’ ‘तिसऱ्या खिडकीवरची बाई चांगली आहे, पण जेवणानंतर जाऊ नये.’ माझं अक्षर त्यात फार नीटनेटकं आहे. मराठी लिहिताना मी तेव्हा एकेक मात्रा मोजून द्यायची.

काकीची खरी विद्या मात्र रांगेत होती. ती एकदा मला म्हणाली होती, “रांगेत उभं राहाचं तर पाय दुखवाले नाई राहाचं. कान समोर ठेवाचा. समोरच्याले साहेब काय पुसते, तो काय सांगते, कायच्यावर साहेब शिक्का मारते, समदं ऐकाचं. आपली पाळी येयेपर्यंत आपलं उत्तर तयार.” पुढच्या बाईला झेरॉक्स नाही म्हणून परत पाठवलं, की काकी जागा राखायला सांगून झेरॉक्स काढून आलेली असायची. तिला कोणत्याही खिडकीवर दुसऱ्यांदा यावं लागलेलं मी पाहिलं नव्हतं. मला त्याचं फार अप्रूप वाटे. मला तर दुकानात पेनाची रिफिल मागायलाही आधी मनात वाक्य जुळवावं लागायचं.

मी दहावीत होते त्या वर्षी काकीचं काहीतरी बिनसलं. धागा तुटला की ती त्याचं टोक बोटांनी चाचपडून शोधू लागली. एकदा एक विणकर कांड्यांची टोपली घेऊन परत आला.

“काकी, हे गाठीच गाठी आहेत. कांड्या भरून राहिली का जाळं विणून राहिली?”

“सूतच तसं येऊन राहिलं बाप्पा,” काकी म्हणाली. “मी काय करू?”

मला वेगळंच दिसत होतं. काकी आपले कागद रंगावरून आणि शिक्क्याच्या जागेवरून ओळखायची. कधी चुकत नसे. त्या दिवसांत तिनं उत्पन्नाचा दाखला म्हणून माझ्या हातात विजेचं बिल दिलं. मी बिल बाजूला ठेवलं. दाखला शोधून वाचला.

मग गल्लीतून भोंगा लावलेला ऑटो फिरला. जवळच्या करडी गावच्या शाळेत डोळ्यांची मोफत तपासणी, ज्यांना मोतीबिंदू निघेल त्यांना गाडीनं नेऊन शस्त्रक्रिया, पुन्हा घरी आणून सोडणार. काकीनं दुसऱ्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसलं. रविवार होता, म्हणून आईनं मला सोबत दिलं. धान कापून झालेलं होतं. बसच्या खिडकीतून बांध्यांमध्ये रचून ठेवलेले धानाचे पुंजणे दिसत होते. काकी त्या बाजूला तोंड करून बसली होती. तिला ते दिसत होते की नाही, मला विचारवलं नाही.

शाळेच्या एका वर्गात समोरच्या भिंतीवर तक्ता टांगला होता. एकच चिन्ह, तीन दात असलेल्या कंगव्यासारखं, कधी इकडे तोंड केलेलं, कधी तिकडे, खाली खाली लहान होत गेलेलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी फक्त दात कोणत्या बाजूला आहेत ते सांगायचं. तक्त्याच्या एका अंगाला दार होतं आणि दुसऱ्या अंगाला खिडकी. डावं-उजवं करण्यापेक्षा सोपं म्हणून पहिल्याच म्हाताऱ्यानं सुरुवात केली, “वर. दाराकडे. खाली. खाली. खिडकीकडे.” मागचे सगळे तसंच सांगू लागले. हातात पट्टी घेतलेली मुलगी एकेका ओळीवर पट्टी ठेवायची आणि वहीत खूण करायची. सगळ्यांना तोच क्रम.

रांग मोठी होती. काकीची मान एका बाजूला कलली. ही मान मी ओळखत होते, तहसील कार्यालयात ती अशीच कललेली असायची. तिचे ओठ हलत होते.

तिची पाळी आली. स्टुलावर बसून तिनं एक डोळा हातानं झाकला आणि पाढा म्हणावा तशी सुरू झाली. “वर, दाराकडे, खाली, खाली, खिडकीकडे…” पट्टी खालच्या ओळीवर पोचायच्या आधी तिचं उत्तर पोचत होतं. ती तक्त्याकडे पाहतसुद्धा नव्हती. पट्टीवाल्या मुलीचं लक्ष वहीत होतं.

“वा आजी, नजर तेज आहे तुमची!”

मी पिशवी धरून काकीच्या अगदी मागे उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी ते मनात जुळवलंही. आधी इंग्रजीत जुळलं, मग मराठीत करायला घेतलं, तोवर चिठ्ठीवर शिक्का पडला आणि डॉक्टरांच्या टेबलाकडे न पाठवता काकीला थेंबांची एक बाटली देऊन मोकळं केलं.

परतीच्या बसमध्ये काकी भारी खुशीत होती. “पास झाली ना वो मी! येकही चुकली नाई. तो माह्या समोरचा बुढा तीनदा चुकला. वाच बरं, काय लिवलं?”

मी वाचलं. “दृष्टी समाधानकारक. शस्त्रक्रियेची आवश्यकता नाही.”

समाधानकारकवर ती हसली. ‘आवश्यकता नाही’ हे शब्द तिनं पुष्कळ कागदांवर ऐकले होते.

“म्हंजे गाडीत घेत नाई?”

“नाही घेणार, काकी.”

“पर मी तर समदं बरोबर सांगितलं.”

“म्हणूनच.”

थेंबांची बाटली तिनं पदराच्या टोकात बांधून ठेवली होती.

पुढच्या काही आठवड्यांत कांड्या भरायचं काम दुसऱ्या घरी गेलं. चरख्यावर जुनं पातळ झाकलेलं दिसायचं. विचारणाऱ्याला काकी सांगायची, “कमर दुखून राहिली.” मी शाळेतून येताना ओट्याकडे न पाहता घरात शिरायची. हाकही येत नव्हती. तिच्या डोळ्यांचं गल्लीत फक्त मला माहीत होतं, आणि करडीला मी तोंड उघडलं असतं तर एव्हाना तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा आला असता, हेही मलाच माहीत होतं.

एका संध्याकाळी मी वही काढली आणि नव्या पानावर ‘डोळे’ असं लिहिलं. पुढे लिहायला काही नव्हतं, कारण हे एकच पान काकीनं सांगितलेलं नव्हतं. मग मी आमच्या वॉर्डात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंच्या घरी गेले. दारात किती वेळ उभी होते कोण जाणे. त्याच बाहेर आल्या, “काय वो, काही हरवलं का?” भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर कधी बसतात, चिठ्ठी कुठे काढायची, सोबत कोणते कागद न्यायचे, सगळं त्यांनी सांगितलं. एवढं सोपं होतं ते. मी उभ्या उभ्या लिहून घेतलं.

काकी आधी नाहीच म्हणाली. “पास झालेल्याले पुन्हा परीक्षा देवा लागते का?”

“माझ्यासोबत चला,” मी म्हटलं. “मला एकटीला जायची भीती वाटते.” खोटं नव्हतं ते.

दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसताच काकीची मान कलली. पण तिथे एकेकाला आत बोलावून दार लावून घेत होते. आतलं काही ऐकू येत नव्हतं. काकी चुळबुळ करू लागली. “हे कोनती रीत काढली यायनं? ऐकाचं कसं मानसानं?”

आत डॉक्टर मॅडम होत्या. तक्ता तसाच, कंगव्याचा. काकीनं डोळा झाकला आणि सुरू केलं, “वर. दाराकडे. खाली. खाली. खिडकीकडे.”

मॅडम थांबल्या. “आजी, दार तुमच्या पाठीमागे आहे. खिडकी या खोलीला नाहीच.”

काकीचा डोळ्यावरचा हात तसाच राहिला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. “काय म्हणतात ह्या?”

या वेळी मी वाक्य जुळवलं नाही. “मॅडम, ह्यांना दिसत नाही. ह्यांनी करडीच्या शिबिरात ऐकून पाठ केलंय. खूप दिवसांपासून दिसत नाही.” माझा आवाज एवढा मोठा निघाला की दाराशी बसलेली नर्स वळून पाहू लागली.

‘दिसत नाही’ हे जे शब्द काकीनं गल्लीत कधी उच्चारले नव्हते, ते मी तिच्या समोर दोनदा म्हटले. तिनं हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. मॅडमनी टॉर्च मारून दोन्ही डोळे पाहिले. “मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे. होईल बरं. आधी दाखवलं नव्हतं का कुठे?”

“दाखवलं ना,” काकी म्हणाली. “पास झाली होती.”

ऑटोत, मग स्टँडवर, मग बसमध्ये ती माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, आता कधीच बोलणार नाही. बस गावाबाहेर पडल्यावर खिडकीकडे तोंड ठेवूनच तिनं म्हटलं, “लय बोलली वो आज तू. घरी तर तोंडाले कुलूप राहते.” टोमणा होता की शाबासकी, मला आजही सांगता येणार नाही.

आधी एक डोळा झाला, मग काही महिन्यांनी दुसरा. काळा चष्मा उतरल्यावर पहिल्याच दिवशी हाक आली, “ये वो इंग्रजी!” तिनं मला ओट्यावर समोर बसवलं, हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि बराच वेळ पाहत राहिली.

“तुह्या तोंडावर येवढ्या पुटकुळ्या कवा आल्या?”

“दोन वर्षं झाली, काकी.”

“सांगाचं नाई का मंग!”

आता गल्लीत मोजून तीन माग उरलेत, आणि दाखले मोबाइलवर निघतात. मीच नागपुरातून आईला फोनवर सांगते, कुठलं बटण दाबायचं. बटणं सांगताना मला हटकून तो चरखा आठवतो. तिनं माझ्या पुटकुळ्या पाहिल्या त्या दिवशी त्याच्यावरचं पातळ काढून ठेवलेलं होतं. बोलता बोलता धागा तुटला, काकीनं वाकून टोक पाहिलं, गाठ मारली आणि चाक फिरवलं. मग म्हणाली, “वही आन. डोळ्याच्या पानावर काय लिवलं ते वाच.”

मी वाचलं. वार, खिडकी, कागद, सगळं. ती मान हलवत होती.

“अधुरं आहे,” ती म्हणाली. “लिव खाली. तिथं येकायेकाले आत बोलावते. ऐकून कामाचं नाई. जसं दिसते तसंच सांगाचं.”