मिनिट संपेपर्यंत

आमच्या फुटबॉलच्या मैदानावर त्याला सगळे भोंगा म्हणायचे. रंगाचा कारखाना बंद पडला, त्याचा भोंगा वाजायचा थांबला, तेव्हा "आता गावात मोठा आवाज एवढाच उरला" असं कोणीतरी चेष्टेनं म्हणालं आणि ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. माणूस तसा किडकिडीत. पोस्टात पार्सलांचं वजन करायचा, समोरच्याशी बोलताना नजर काट्यावर. पण शनिवारी माईक हातात आला की त्याची छाती भरून यायची. खेळाडूंची नावं, बदली खेळाडू, हरवलेली पोरं, पंचांच्या गाडीला आडवी लावलेली सायकल, सगळं तो सारख्याच इमानानं सांगायचा.

श्रद्धांजलीही तोच सांगायचा. पूर्वी क्लबचा एखादा जुना खेळाडू गेला तरच सामन्याआधी मिनिटभर उभं राहायची पद्धत होती. मग माजी अध्यक्षांसाठी उभे राहू लागले, मग देणगीदारांसाठी, मग मंत्र्यांसाठी, आणि शेवटी कुठल्या कुठल्या दूरदेशच्या पुढाऱ्यांसाठी. एका हंगामात तर इतकी मोठी माणसं गेली की लोक म्हणायचे, आज कोण गेलंय ते विचारू आणि मगच तिकीट काढू. भोंगा मात्र हसायचा नाही. परक्या नावात जीभ अडखळू नये म्हणून तो घरी आरशासमोर ती नावं घोटायचा. मेलेल्या माणसाचं नाव तरी नीट घ्यावं, म्हणायचा.

त्याला एक मोठी बहीण होती. आई लवकर गेल्यामुळे तिनंच त्याला वाढवलं होतं. ताई इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरी पिळायची, घड्या घालायची. तिचा नवरा कारखान्यात बॉयलरवर होता. बॉयलर फुटला त्यात तो आणि त्याच्या पाळीचे सोबती गेले. तेव्हाचे उद्योगमंत्री पाहणीला आले, नाकाला रुमाल लावून फाटकाशी उभे राहिले आणि बातमीदारांना म्हणाले, "कामगार प्यालेले होते." ताईचा नवरा बिचारा खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन बाजूला ठेवणारा. पण चौकशी त्या एका वाक्यावर मिटली. ताईची मुलगी शाळेतून रडत घरी यायची, कारण वर्गात तिला दारुड्याची पोर म्हणायचे.

नवरा जिवंत असताना ताई मैदानाकडे फिरकली नव्हती. तो गेल्यावर मात्र दर शनिवारी त्याच्या जागेवर, पूर्वेकडच्या स्टँडमधल्या सिमेंटच्या पायरीवर, चहाचा थर्मास घेऊन बसू लागली. खेळातलं तिला ओ की ठो कळायचं नाही. ऑफसाइड म्हणजे काय ते भोंग्यानं शंभरदा समजावलं असेल. ती मान डोलवायची आणि पुढच्या शनिवारी पुन्हा विचारायची. "तिथं बसलं की बरं वाटतं," एवढंच म्हणायची.

ते मंत्री पुढे म्हातारे झाले. त्यांच्या नावाचा रस्ता झाला, ताईच्या इस्पितळात त्यांच्या नावाचा वॉर्ड झाला. आणि एका आठवड्यात ते आपल्या बिछान्यात, नातवंडांच्या गराड्यात शांतपणे गेले.

शनिवारी त्यांच्या श्रद्धांजलीचा मजकूर आला. भोंग्यानं तो वाचला आणि तडक क्लबच्या सेक्रेटरींकडे गेला.

"साहेब, हे मला नका वाचायला लावू."

सेक्रेटरी काही वाईट माणूस नव्हता. त्यानं चष्मा काढून डोळे चोळले. "मला माहीत आहे हो. पण तुम्ही नाही वाचलंत तर दुसरा कोणी वाचेल. एका मिनिटाचा तर प्रश्न आहे."

"मग निदान ते 'कामगारांचे कैवारी' तरी गाळतो."

"वरून आलेला मजकूर आहे. तुम्ही त्यातला शब्द खोडलात तर उद्या माझं नाव खोडतील."

भोंगा परत आपल्या काचेच्या खोलीत आला. सामना सुरू झाल्यावरच ये, असं ताईला फोन करून सांगावं असं त्याच्या मनात आलं. पण मग ती कारण विचारणार. ते सांगायची लाज वाटली, म्हणून त्यानं फोन केलाच नाही.

त्यानं वाचलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. सारं मैदान उभं राहिलं, पंचांनी शिट्टी दिली आणि शांतता झाली. त्याच्या खिडकीसमोरच पूर्वेचा स्टँड होता. उभ्या माणसांच्या रांगेत एक खळगा दिसत होता. तिथे ताई बसली होती. थर्मास मांडीवर, दोन्ही हात त्यावर.

तिच्या मागच्या पायरीवर फरश्यांच्या दुकानाचा मालक उभा होता. तो वाकून हळूच म्हणाला, "बाई, उठा."

ताईनं नकारार्थी मान हलवली.

"अहो, माणूस मेलाय."

"ठाऊक आहे मला."

त्यानं तिचा दंड धरून तिला वर ओढलं. तिनं हिसडा दिला. पलीकडून कोणीतरी "उठवा, उठवा तिला" म्हणत खांद्याला ढकललं आणि ताईचा तोल गेला. ती पायऱ्यांवरून खाली घसरत गेली. एरवी त्या गर्दीत तिचं ओरडणं शेजाऱ्यालाही ऐकू गेलं नसतं. पण मैदान गप्प होतं. ती किंकाळी आम्हा सगळ्यांना ऐकू आली, काचेच्या खोलीतसुद्धा.

आणि कोणी हललं नाही. आम्ही सगळे माना खाली घालून उभे राहिलो. पंचाच्या ओठांत शिट्टी होती, नजर घड्याळावर. भोंग्याचा माईक चालू होता. त्यानं एक शब्द उच्चारला असता तर ते सगळं मोडलं असतं, माणसं धावली असती. त्यानं काचेला हात लावला, पंचाकडे पाहिलं आणि तो थांबला. शिट्टी झाल्यावर मात्र जिने उतरून तो असा धावला की एक चप्पल मागेच राहिली.

ताईचं मनगट मोडलं होतं. तिच्याच इस्पितळात तिला ठेवलं. संध्याकाळी भोंगा खाटेपाशी बसला. ती छताकडे बघत होती.

"मी पडले ते दिसलं तुला?"

"हो."

"माईक चालू होता?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"मग?"

"मिनिट चालू होतं, ताई."

ती म्हणाली, "तू ते वाचलंस त्याचं मला काही नाही. लिहून दिलेलं वाचायचं हे तुझं काम. पण मी पडले तेव्हा गप्प राहा असं तुला कोणी लिहून दिलं नव्हतं." आणि तिनं कूस बदलली.

काही दिवसांनी ती घरी आल्यावर फरशीवाला संत्री घेऊन तिच्या दाराशी उभा राहिला. आत यावं की नाही हे त्याला कळेना. ताईनंच बसायला सांगितलं.

"माझी आई नुकतीच गेली," तो खाली बघत म्हणाला. "पोहोचवायला चार माणसं जमेनात. परवा सगळं मैदान उभं राहिलेलं पाहिलं आणि वाटलं, चला, मेल्यावर तरी कोणाला मान मिळतोय. तेवढ्यात तुम्ही बसलेल्या दिसलात. डोकं फिरलं माझं."

"माझं भांडण मेलेल्याशी नव्हतंच," ताई म्हणाली. "तो गेला, सुटला. पण मी उभी राहिले असते तर माझा नवरा प्यालेला होता, हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं."

तो गावात बऱ्याच उशिरा आलेला, त्याला तो जुना प्रकार ठाऊकच नव्हता. ताईनं सांगितला. तो कपाळाला हात लावून बसून राहिला. आईच्या देखभालीला आलेल्या मुलीनं चहा केला, त्याच्याच संत्र्यांतलं एक सोलून त्याच्यापुढे ठेवलं. तो मग अधूनमधून येत राहिला. ताईनं त्याला माफ केलं. भावालाही तिनं कधी दार बंद केलं नाही, पण तो आला की ती हातातलं काम थांबवत नसे.

क्लबच्या समितीची बैठक झाली. तीत भोंगा पहिल्यांदाच माईकशिवाय बोलला. "आपल्या माणसांसाठी उभं राहू या. बाकीच्यांसाठी नको."

"आपली माणसं म्हणजे कोण?" एका सभासदानं विचारलं. "तुमच्या ताईंना ते मंत्री परके. स्टँडमधल्या निम्म्या लोकांना ते बापासारखे. हे ठरवणार कोण?"

मग नेहमीसारखा सगळ्यात सोपा ठराव झाला: यापुढे कोणासाठीच नाही.

त्याच हंगामात आमचा जुना गोलकीपर गेला. गावानं ज्याला एकेकाळी खांद्यावरून मिरवलं होतं, तो. शनिवारी लोक सांगायच्या आतच उभे राहिले आणि वाट बघू लागले. पहिल्या रांगेत त्याची बायको इस्त्रीचे कपडे घालून आली होती. भोंग्यानं दोन्ही संघांची नावं वाचली आणि तो गप्प बसला. पंचानं सामना सुरू केला. "भोंग्या, तोंड शिवलंय का तुझं?" कोणीतरी ओरडलं. माणसं हळूहळू खाली बसली. गोलकीपरची बायको मध्यंतरालाच उठून गेली. ती फाटकातून बाहेर पडेपर्यंत भोंगा काचेतून बघत होता.

हंगाम संपला तसं त्यानं ते काम सोडलं. आता तिथे ध्वनिमुद्रित आवाज लागतो. ताईचं मनगट वाकडंच जुळलं. ओल्या चादरी पिळणं जमेना, म्हणून नोकरी सुटली आणि ती दुसऱ्या शहरात मुलीकडे राहायला गेली. भोंगा दर रविवारी तिला फोन करतो. तब्येत, हवा, नातवाची शाळा, असं बोलणं होतं. मैदानाचं नाव दोघंही काढत नाहीत.

मागे एकदा मात्र फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी ओरडायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली, "हवं होतं."

त्याला वाटलं, ती आणखी काही बोलेल. तिनं विचारलं, "जेवलास का?" तो हो म्हणाला. जेवला नव्हता.