पोटातले खडे

मार्था वहिनींनी मेलेलं बदक वर्तमानपत्रावर ठेवलं आणि त्याची मान हाताने सरळ केली.

"डॉक्टर, इथे हात लावून बघा. पोट भरलेलं आहे. मग मेलं कसं?"

माझा शाळेपासूनचा मित्र पास्कल याच्या या पत्नी. पास्कलला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. मागे पाच बदकं राहिली होती. हॉस्पिटलमध्ये शेवटी त्याने वहिनींना एकच काम सांगितलं होतं, बदकांना उपाशी ठेवू नकोस.

आठवड्यापूर्वी त्यांचा फोन आला होता. बदकं वाळत चाललीत, विष्ठेत अख्खे दाणे पडतात. मी फोनवरच जंताचं औषध सांगून मोकळा झालो. मी निवृत्त पशुवैद्यक, घर दहा मिनिटांवर. पण पास्कल नसलेल्या ओट्यावर बसायला नको वाटत होतं. त्या आठवड्यात दोन बदकं गेली. हे दुसरं, तेव्हा कुठे मी आलो.

"खायला काय देता?"

"सुका मका, निवडून. आणि घरचं भात, सालासकट. मागतील तेवढं."

"आम्हाला नाही वाढत एवढं," त्यांचा मुलगा रॉबर्ट म्हणाला.

"तू गप्प बस रे. तुला कोणी माझ्यावर सोपवून गेलं नाही."

"पास्कल काय द्यायचा?"

"मूठभर टाकायचा आणि बावखलावर हाकलत न्यायचा. काठावर बसून राहायचा." बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं तळं. "माझ्याने तिकडे जाववत नाही, डॉक्टर. म्हणून अंगणातच ठेवते. टबात पाणी असतं."

मी अंगणाकडे पाहिलं. कुंपणापर्यंत पेव्हर ब्लॉक, माती कुठे दिसत नव्हती. पास्कलच्या महिन्याच्या मिस्सेला, त्याच्यासाठीच्या प्रार्थनेला, माणसं येणार म्हणून रॉबर्टने घाईने बसवून घेतले होते. त्या दिवशी 'अंगण छान झालं' असं मीही म्हणालो होतो.

वहिनींना विचारून मी बदक उघडलं. पक्ष्याला दात नसतात. दाणा दळायला पोटात स्नायूंची जाड पिशवी असते, तिला गिझर्ड म्हणतात. ही पिशवी म्हणजे जातंच, पण त्याचे दगड पक्ष्याला बाहेरून गिळावे लागतात, वाळू, बारीक खडे. ते झिजत जातात. नवे मिळाले नाहीत तर कडक दाणा दळला जात नाही. पक्षी खात राहतो आणि उपाशी मरतो. चिखलातला मऊ पाला, किडे खाणाऱ्याचं एक वेळ निभतं. नुसत्या मक्यावर राहणाऱ्याचं नाही.

गिझर्डमध्ये मका होता, फुगलेला, अख्खा. तळाशी तीन खडे, झिजून मसुराएवढे.

"म्हणजे मीच उपाशी मारली," वहिनी म्हणाल्या.

"जंताचं औषध मी सांगितलं होतं, वहिनी. येऊन बघितलं असतं तर हे वाचलं असतं."

त्यांनी मला 'नाही' म्हटलं नाही.

"कळंबची वाळू आणू?" रॉबर्टने विचारलं.

"समुद्राची नको, खारट असते. बदकांना मीठ सोसत नाही. नदीची जाड वाळू आण, धुऊन ठेव. मका, भात बंद. भिजवलेला कोंडा, चिरलेला पाला, थोडं थोडं."

वहिनी खड्यांकडे बघत होत्या. "हे बावखलावरचेच ना?"

"हो. दुसरे कुठले असणार?"

त्यांनी ते नळाखाली धुतले. मला वाटलं, जपून ठेवतील. त्यांनी ते उरलेल्या तीन बदकांच्या भांड्यात टाकले.

चौथ्या दिवशी आणखी एक गेलं, पास्कलच्या मागे मागे चालणारा नर. दोन वाचली. आता वहिनी त्यांना रोज बावखलावर नेतात. काठावर बसत नाहीत, उभ्या राहतात.

मी फोनवर औषध सांगणं बंद केलं आहे. कोणी बोलावलं की जातो, आणि जनावराच्या आधी अंगण बघतो. या वयात शिकायला हे फारच साधं होतं.