इकडील सर्व कुशल

सातवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. दुष्काळात आई सरकारी कामावर खडी फोडायला जायची, मीही तिच्यासोबत जाऊ लागले. पुढे आमच्या पाळकांनी चिठ्ठी दिली आणि मी जालन्याकडून निघून सांगलीजवळच्या मिशनच्या दवाखान्यात आले. मदतनीस नर्सचं दोन वर्षांचं शिक्षण, राहणं-जेवण फुकट. निघताना आईने अख्ख्या कामावर सांगून ठेवलं होतं, पोरगी नर्स व्हायला चालली. अर्धवट परत जायची सोय तिथेच संपली.

फुकट म्हणजे कोणाच्या तरी पैशाने, हे मेट्रनबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. विलायतेत एक कुटुंब होतं. वडिलांनी दुकानदारीत कमावलेलं ट्रस्ट करून मागे ठेवलं होतं. त्यांची म्हातारी बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी वर्षातून दोनदा घरातच जेवणाच्या टेबलाभोवती बसायची, जगभरून आलेली पत्रं मोठ्याने वाचायची आणि कोणाला काय द्यायचं ते ठरवायची. काही चर्चच्या कामाला, शुभवर्तमान सांगणाऱ्यांना. काही दवाखाने, आंधळ्यांच्या शाळा, दुष्काळ. मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजातूनच द्यायचं. म्हणून एकाला दिलं की दुसऱ्याला थांबावं लागायचं. मला हे फार नवलाचं वाटे. मला कधी न पाहिलेली माणसं जेवणाच्या टेबलावर माझं नाव घेणार होती.

आम्ही पाचजणी होतो. चौघी इकडच्याच, आष्टा, रहिमतपूर अशा जवळच्या गावांच्या. माझ्या बोलण्याची त्या फार मजा घ्यायच्या. मी ‘काय करायलीस?’ म्हटलं की आष्ट्याची म्हणायची, ‘करायलीस न्हाई गं, करतीस. तुमच्यात समदंच लांबडं हाय व्हय?’ त्यात वाईट काही नव्हतं, पण मी हळूहळू कमी बोलू लागले. रविवारी उपासनेनंतर त्यांची माणसं डबे घेऊन भेटायला यायची. त्या वेळी मी जखमांच्या धुतलेल्या पट्ट्या गुंडाळायचं काम आपण होऊन मागून घ्यायचे. हात कामात असला की कोणी विचारत नाही, तुझं कोण आलं.

वर्ष संपत आलं तसं ट्रस्टला पत्र लिहायचं ठरलं. प्रत्येकीने स्वतःच्या हाताने, मराठीत. ऑफिसातल्या बाई त्याचं इंग्रजी करणार होत्या. त्या फार काटेकोर. ‘तुमचं एक अक्षर मी हलवणार नाही,’ म्हणाल्या. आम्ही शाळेत शिकवलं तसंच लिहिलं. वर सलाम, मग ‘इकडील सर्व कुशल, आमची काळजी नसावी, आपली खुशाली कळवावी.’ खाली आभार. पाचही पत्रं सारखीच.

उत्तर आलं तेव्हा मेट्रनबाईंनी आम्हाला ओळीने उभं केलं. ‘काय लिहिलंत तुम्ही? ते कळवतात, तिकडे सगळं कुशल आहे, काळजीचं कारण नाही, हे वाचून आनंद झाला. देवाने तुमची गरज भागवली. तेव्हा पुढच्या वर्षीचे पैसे दुसऱ्या गरजूंना देण्याचा विचार आहे.’

रहिमतपूरची हळूच म्हणाली, ‘आवं बाई, पत्रात कुशल न्हाई तर काय लिवायचं? कुणी मेलंय व्हय?’

मेट्रनबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, ‘तुम्ही लिहिलं तेच मी उतरवलं.’ तेही खरंच होतं.

‘दुसरं वर्ष न्हाई तर न्हाई,’ आष्ट्याची खोलीत म्हणाली. ‘घरला जाऊ. तसं बी लग्नाचं बघाय लागल्यात.’ मग माझ्याकडे बघून अंथरूण झटकू लागली. अर्ध्या नर्सला आमच्या गावात काय नाव असतं ते मला माहीत नव्हतं, आणि ते ऐकायला मला आईसमोर उभं राहायचं नव्हतं.

मेट्रनबाईंनी पुन्हा एकदा लिहायची परवानगी काढली. पत्र एकच, आणि ते मी लिहायचं, कारण माझं घर सगळ्यांत लांब. चार दिवस कागद कोरा राहिला. दुःख कसं लिहायचं हे कोणी शिकवलंच नव्हतं. आणि ज्यांचं खातो त्यांनाच रड सांगायची म्हणजे उपकार विसरल्यासारखं वाटे. शेवटी एवढंच लिहिलं: ‘इथे माझं कोणी नाही. रविवारी मी पट्ट्या गुंडाळते. माझं बोलणं इथे वेगळं पडतं म्हणून मी बोलत नाही. पण रोगी वेदनेत असला की तो माझ्या बोलण्याला हसत नाही. तिथे मला बरं वाटतं. अजून एक वर्ष राहू द्या.’

इंग्रजी करताना ऑफिसातल्या बाईंचा पेन थांबला. ‘हे पट्ट्यांचं घालू?’

‘घाला.’

‘ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात, बरं का.’

मी मान डोलावली. अंगावरचं लुगडं कोणी काढून उन्हात वाळत घालावं तसं वाटलं.

तीन महिन्यांनी मंजुरी आली, पाचही जणींची. टेबलावर त्या घरातल्या मुलीने पत्र वाचलं आणि म्हातारीने पुन्हा वाचायला लावलं, असं त्यात होतं. शेवटी दोन ओळी होत्या: हे पैसे आफ्रिकेतल्या एका अंधशाळेसाठी ठरले होते. त्यांना वर्षभर थांबायला कळवलं आहे.

खोलीत भडंगाचा, म्हणजे इकडच्या तिखट चुरमुऱ्यांचा, पुडा फुटला. मलाही मूठभर दिलं, आणि त्या दिवशी माझ्या बोलण्याला कोणी हसलं नाही. मी उठून ऑफिसात गेले.

‘बाई, थांबा म्हणून कळवलं, पण कोणासाठी थांबायचं ते त्या मुलांना सांगितलं असंल का?’

त्यांनी पत्र पुन्हा उघडलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं. ‘तसं काही लिहिलेलं नाही.’